‘पॅरोडियस दा!’ घरी खेळायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: कोनामी या जपानी कंपनीचा ‘पॅरोडियस दा!’ सुपर फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेंडोच्या घरगुती गेम यंत्रावर, खेळायला घेतला. ऑक्टोपस, पेंग्विन, नाचणारी अवाढव्य बाई बघून पोरखेळ वाटला होता, पण एक लाइफ गेली की पुढे सरकताच येत नाही. हा गेम फक्त गमतीसाठी आहे की खराखुरा शूटर, म्हणजे गोळ्या मारत आणि चुकवत पुढे जायचा गेम? आर्केडच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्राच्या, मानाने घरची आवृत्ती किती उणी? आणि मेल्यानंतर सावरायचं कसं?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. खराखुरा शूटर आहे, आणि चांगलाच कडक आहे. आडव्या सरकणाऱ्या स्क्रीनचे शूटर मी बरीच वर्षं खेळतो आणि इतरांना शिकवतो. माझ्या मते विनोदी शूटरांत याच्या तोडीचा दुसरा नाही, आणि त्याचं कारण तुम्हाला अडवणारा तो कडकपणाच आहे. यातली गंमत चित्रांवरून चिकटवलेली नाही. ती नियमांमध्येच विणलेली आहे. नियम सैल असते तर ऑक्टोपस बघून एकदा हसू आलं असतं आणि दुसऱ्या दिवशी कॅसेट कपाटात गेली असती.

हे नियम आले कुठून ते कळलं की निम्मा गेम कळतो. १९८५ मध्ये कोनामीने आर्केडसाठी ‘ग्रेडियस’ काढला. व्हिक व्हायपर नावाचं अंतराळयान, मारलेल्या शत्रूंकडून मिळणाऱ्या कॅप्सूल, आणि स्क्रीनच्या तळाशी शस्त्रांची पट्टी. एक कॅप्सूल घेतली की पट्टीवरचा उजेड एक घर पुढे सरकतो. हव्या त्या घरावर आला की बटण दाबून ते शस्त्र घ्यायचं, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे खेळाडू एका हाताने गोळ्या चुकवतो आणि डोक्यात हिशेब चालवतो. ही पद्धत इतकी लोकप्रिय झाली की पुढे कोनामीने स्वतःच्याच गंभीर गेमची टर उडवायचं ठरवलं. १९८८ मध्ये एमएसएक्स या घरगुती संगणकावर पहिला ‘पॅरोडियस’ आला. १९९० मध्ये ‘पॅरोडियस दा!’ आर्केडला आला आणि मग फॅमिकॉम (सुपर फॅमिकॉमच्या आधीचं यंत्र), गेम बॉय, एक्स६८०००, पीसी इंजिन अशा इतर घरगुती यंत्रांवर पसरत गेला. तुमच्या हातात आहे ती सुपर फॅमिकॉमची आवृत्ती जुलै १९९२ ची.

यात निवडायला चौघं आहेत: व्हिक व्हायपर, ऑक्टोपस, ट्विनबी आणि पेंतारो हा पेंग्विन. पैकी दोघांची ओळख आपल्याकडच्या बऱ्याच जणांना आधीपासून आहे, फक्त नावाने नाही. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात घरोघरी जे टीव्ही गेम आले ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या, आणि त्यांच्या ‘इतके गेम एकात’ अशा कॅसेटांवर कोनामीचे जुने गेम हमखास असायचे. बर्फावरून धावणारा, खड्डे आणि सील चुकवत पुढच्या तळावर वेळेत पोचणारा पेंग्विन आठवतो ना? तो ‘अंटार्क्टिक ॲडव्हेंचर’मधला पेंता. पेंतारो हा त्याचाच मुलगा. ढगांवर गोळ्या मारून घंटा पाडायच्या तो गेम म्हणजे ‘ट्विनबी’, आणि त्यातल्या घंटा जशाच्या तशा ‘पॅरोडियस दा!’त आल्या आहेत. ज्यांचं बालपण त्या कॅसेटांवर गेलं त्यांना हा गेम परका वाटायचं काही कारण नाही.

आता नियमांतली गंमत. ‘ग्रेडियस’च्या पट्टीचा क्रम असा: स्पीड, मिसाइल, डबल, लेझर, ऑप्शन आणि शेवटी प्रश्नचिन्ह, म्हणजे ढाल. ‘पॅरोडियस दा!’ने त्यापुढे एक सातवं घर जोडलं, उद्गारचिन्हाचं. ते घेतलं की तुमची जमवलेली सगळी शस्त्रं जातात. ऐकताना हा निव्वळ खोडसाळपणा वाटतो. पण मुरलेल्या ‘ग्रेडियस’ खेळाडूच्या सवयीवर तो किती नेमका बोट ठेवतो ते बघा. मुरलेला खेळाडू ढाल घेतल्यावर पुन्हा सहा कॅप्सूल जमवतो आणि उजेड प्रश्नचिन्हावर आणून ठेवतो. ढाल शाबूत असताना दुसरी घेता येत नाही, म्हणून तो थांबतो. ढाल फुटली की त्याच क्षणी बटण दाबून नवी. या मालिकेतली ही सर्वांत मोलाची सवय. इथे मात्र उजेड प्रश्नचिन्हावर उभा असताना नकळत आणखी एक कॅप्सूल अंगाला लागली, तर तो उद्गारचिन्हावर जातो. मग ढाल फुटते, अंगठा सवयीने बटणावर पडतो, आणि गोळ्यांच्या गर्दीत तुम्ही उघडेबोडके. खेळाडू ओरडतो, बाजूला बसलेले हसतात. हा विनोद बघणाऱ्याला कळतोच, पण ज्याने पट्टीचा हिशेब हाडीमासी मुरवला आहे त्याला तो जास्त लागतो. त्यावरचा उपायही नियमातच आहे: उजेड उद्गारचिन्हावर गेला तर बटणाला हात न लावता आणखी एक कॅप्सूल घ्यायची. तो फिरून पुन्हा स्पीडवर येतो.

याच जातीचा दुसरा प्रसंग म्हणजे तुम्ही उल्लेख केलेली नाचणारी बाई. तिचं नाव चिचिबिंता रिका. लास व्हेगासच्या नर्तिकेच्या थाटात पिसारा लावून ती स्क्रीनभर पसरलेली चालत येते. ‘ग्रेडियस’ने खेळाडूला शिकवलेला नियम असा की समोर मोठं काही आलं की त्याचा गाभा शोधायचा आणि त्यावर मारत राहायचं. त्यामुळे प्रत्येक जण रिकावर आधी गोळ्या झाडतो. काहीच होत नाही. तिला मारताच येत नाही. ती पुढे येते, जागा आखडत जाते, आणि तेव्हा लक्षात येतं की तिच्या पायांखालून निसटायचं आहे. शूटरमध्ये शस्त्र निरुपयोगी करून खेळाडूला फक्त हालचालीवर आणणं ही रचनाकाराची मोठी हिंमत आहे, आणि ती त्यांनी सर्वांत हास्यास्पद पात्राच्या हाती दिली. पहिल्यांदा मराल. नंतर कळेल की स्पीडची किमान एक घेतलेली असली आणि ती पाय उचलते तेव्हा घाबरून मागच्या भिंतीला चिकटला नाहीत, तर ती सोपी आहे. मागे सरकत गेलं की जागा संपते. तिच्या पावलांकडे बघा, चेहऱ्याकडे नको.

बाकी मांजराचं तोंड असलेली युद्धनौका, पेंग्विनांचा कप्तान, सुमो पैलवान डुक्कर, ‘ग्रेडियस’मधूनच आलेली मोआईची दगडी डोकी, या सगळ्यांची गंमत तुम्ही स्वतः पाहावी. संगीताबद्दल एवढंच: बीथोव्हेन, चायकोव्हस्की यांच्यासारख्यांच्या गाजलेल्या चाली पळवून, उड्या मारायला लावून वापरल्या आहेत. डुक्कर पैलवानाशी लढताना मागे इतकं प्रतिष्ठित संगीत वाजत असतं की हात थांबतो.

दुसरा प्रश्न, घरची आवृत्ती किती उणी. इथे यंत्रांची थोडी माहिती हवी, कारण ‘आर्केडसारखा नाही’ असं मोघम बोलून काही हाती लागत नाही.

पहिला फरक रुंदीचा. आर्केडची स्क्रीन २८८ बाय २२४ पिक्सेलची, सुपर फॅमिकॉमची २५६ बाय २२४. उंची तेवढीच, पण रुंदीत ३२ पिक्सेल कमी, म्हणजे नवव्या भागाइतकी. आडव्या शूटरमध्ये धोका येतो उजवीकडून, त्यामुळे घरच्या आवृत्तीत शत्रू तेवढा उशिरा दिसतो आणि अरुंद बोळात मागे सरकायला जागाही कमी. आर्केडवर हात बसलेला माणूस घरी पहिल्या दिवशी अडखळतो तो यामुळे.

दुसरा फरक हलत्या चित्रांचा. सुपर फॅमिकॉम एका वेळी १२८ स्प्राइट, म्हणजे हलती चित्रं, दाखवू शकतो, पण एका आडव्या रेषेवर ३२ पेक्षा जास्त नाहीत. पीसी इंजिनला ही मर्यादा १६ ची, साध्या फॅमिकॉमला फक्त ८ ची. आता आडव्या शूटरचं चित्र डोळ्यांसमोर आणा. तुमचं पात्र, त्याच्या मागचे ऑप्शन, सुटलेल्या गोळ्या, समोरची शत्रूंची रांग, सगळं एकाच पातळीवर, एकाच रेषेत येतं. उभ्या शूटरपेक्षा आडव्याला ही मर्यादा जास्त जाचते. फॅमिकॉमच्या आवृत्तीत गर्दी झाली की चित्रं लुकलुकतात त्याचं मूळ हेच.

तिसरा फरक वेगाचा, आणि याच्यावर सर्वांत जास्त टीका होते. सुपर फॅमिकॉमचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झवर चालतो. स्क्रीनवर फार वस्तू झाल्या की त्याला एका फ्रेममध्ये, म्हणजे पुढचं चित्र काढायच्या आत, सगळा हिशेब उरकत नाही आणि गेम संथ होतो. माझं मत इथे थोडं वेगळं आहे. शिकणाऱ्याला हा संथपणा मदतच करतो. गोळ्यांची सर्वांत दाट जाळी येते त्याच वेळी गेम मंदावतो आणि वाट शोधायला डोळ्यांना अवधी मिळतो. तोटा पुढे होतो. हीच लेव्हल तुम्ही नंतर प्लेस्टेशनच्या आवृत्तीवर खेळलात की तीच जाळी पूर्ण वेगाने अंगावर येते आणि सगळे अंदाज चुकतात. म्हणून सुरुवातीपासून एक पथ्य पाळा: संथ झालेल्या क्षणांत फक्त गोळ्या चुकवू नका, आपण कुठून कुठे गेलो ती वाट लक्षात ठेवा. वाट पाठ असेल तर वेग बदलला तरी बिघडत नाही.

आवाजात तर फरक आहेच. आर्केडमध्ये सूर स्वतः घडवणारी यामाहाची एफएम चिप आणि सोबत नमुने, म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेले आवाज, वाजवणारी चिप होती. सुपर फॅमिकॉममध्ये एफएम नाही. आठ चॅनल आणि ६४ किलोबाइट स्मृतीत मावतील तेवढे नमुने, बस्स. तरी ऑर्केस्ट्राच्या चालींना हे यंत्र मानवतं. माझ्या कानाला घरची आवृत्ती कित्येक ठिकाणी आर्केडहून मऊ आणि भरीव वाटते.

आणि मग जमेची बाजू. सुपर फॅमिकॉमसाठी कोनामीने एक पूर्ण नवी लेव्हल बनवली, जपानी सार्वजनिक स्नानगृहाची. ती आर्केडमध्ये नाही, त्यामुळे आर्केडवरून उतरवलेल्या प्लेस्टेशन आणि सेगाच्या सॅटर्न या यंत्रांवरच्या आवृत्त्यांतही नाही. शिवाय ‘ओमाके’ नावाने एक वेगळी जादा लेव्हलही दिली आहे, गुणांसाठी पुन्हा पुन्हा खेळावी अशी. अवघडपणा कमी-जास्त करायची सोय आहे. एक नाणं टाकलं की तीन-चार मिनिटांत तुम्हाला उठवायचं हा आर्केडचा धंदा होता. घरी तो दबाव नाही. त्यामुळे हिची ‘कापून लहान केलेली आवृत्ती’ अशी संभावना मला पटत नाही. रुंदी आणि वेग गेला, पण शिकायला वेळ मिळाला आणि एक झकास लेव्हल वर. सौदा वाईट नाही.

आता मुख्य दुखणं: मेल्यावर सावरणं.

ही अडचण तुमची एकट्याची नाही, ती या घराण्याचा स्वभाव आहे. लाइफ गेली की शस्त्रं सगळी जातात आणि तुम्ही मागच्या चेकपॉइंटला फेकले जाता. भरल्या शस्त्रांनिशी जी जागा सहज पार केली होती तिथेच आता एक साधी बंदूक घेऊन, कासवाच्या वेगाने. कोनामीत १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ फॅमिकॉमवर आणणारे काझुहिसा हाशिमोतो यांना चाचणी करताना तो गेम स्वतःला इतका जड गेला की त्यांनी सगळी शस्त्रं एकदम देणारा बटणांचा गुप्त क्रम आत घातला. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. ‘काँट्रा’मध्ये तीस लाइफसाठी तो आपल्याकडच्या पोरांनाही तोंडपाठ होता. त्याचा जन्म या सावरण्याच्या दुखण्यातून झाला.

पहिली गोष्ट, सुरुवातीला ऑटो की मॅन्युअल असं विचारतात तेव्हा मॅन्युअल निवडा. ऑटोमध्ये शस्त्रं आपोआप बसतात आणि पहिल्या दोन लेव्हल सोप्या जातात, पण कोणत्या क्षणी काय घ्यायचं हा निर्णय तुमचा राहत नाही. सावरणं म्हणजे नेमका तोच निर्णय.

दुसरी, चेकपॉइंटनंतर मिळणाऱ्या पहिल्या पाच-सात कॅप्सूल कुठून येतात ते पाठ करा. पूर्ण लेव्हल पाठ करायची गरज नाही, ही पहिली वीस सेकंदं करा. पहिली कॅप्सूल स्पीडवर. हे बहुतेक वेळा बिनविरोध, कारण मूळ वेगात काहीच चुकवता येत नाही. त्यानंतर मोह होतो मिसाइलचा. दोनच कॅप्सूल, स्वस्त सौदा. जमिनीवर तोफा असतील तिथेच तो घ्या, एरवी आवरा आणि पाचव्या घरापर्यंत, ऑप्शनपर्यंत, जमवत राहा. ऑप्शन म्हणजे तुमच्यामागे फिरणारी तुमच्याच शस्त्राची दुसरी प्रत. एक मिळाला की मारा दुप्पट होतो आणि त्याला कुणी मारू शकत नाही. डबल आणि लेझर एकत्र चालत नाहीत, एक घेतलं की दुसरं जातं, हेही ध्यानात असू द्या. सावरताना मी त्यांच्यावर कॅप्सूल खर्च करत नाही. आधी ऑप्शन, मग लेझर.

ऑप्शन कसे वापरायचे हे फार कमी जणांना कुणी सांगतं. ते तुमच्या मागे सरळ ओळीत राहत नाहीत. तुम्ही ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने येतात आणि तुम्ही थांबलात की जिथल्या तिथे थांबतात. त्यामुळे बॉस येण्याआधी स्क्रीनच्या वरच्या भागातून सरळ खाली या आणि थांबा. तुमचे ऑप्शन वर, मधे असे उभ्या रांगेत राहतील आणि मारा स्क्रीनच्या मोठ्या पट्ट्यात पसरेल. अरुंद बोळात उलट करा: थोडं पुढे जाऊन थांबा, सगळे आडवे एका रेषेत येतील आणि समोरच्या एकाच ठिकाणी सगळा मारा एकवटेल. हे दोन आकार हाताला बसले की अर्धे बॉस सोपे होतात.

तिसरी गोष्ट घंटा. त्यांना पट्टीचा हिशेब लागत नाही, त्यामुळे नुकत्याच मेलेल्या माणसाला कॅप्सूलपेक्षा एक घंटा जास्त उपयोगी पडते. गोळ्या लागत राहिल्या की घंटेचा रंग बदलतो. पिवळी फक्त गुणांची, पण एकही न सांडता ओळीने घेत गेलात तर पाचशेपासून दहा हजारांपर्यंत चढत जाते. निळी म्हणजे स्क्रीन साफ करणारा बॉम्ब, एकदाच. हिरवी घेतली की तुमचं पात्र फुगून प्रचंड होतं आणि काही वेळ कशानेच मरत नाही. शत्रूंना नुसती धडक देत जायचं. पांढरी घेतली की हातात कर्णा येतो, त्यातून निरर्थक वाक्यं बाहेर पडतात आणि ती अक्षरं शत्रूंना लागतात. लाल घंटेने वरपासून खालपर्यंत उभे खांब उठतात. सावरताना निळी किंवा हिरवी धरा. हिरवी वाया घालवणारे खूप बघितले आहेत: घाईने घेतात, मोकळ्या आकाशात फुगतात आणि गर्दी सुरू होताना पुन्हा लहान होतात. चेकपॉइंटनंतरची पहिली अडचणीची जागा कोणती ते ठरवा आणि घंटेला गोळ्या मारत, रंग राखत तिथपर्यंत न्या.

चौथी गोष्ट दिसत नाही, म्हणून सर्वांत त्रास देते. या गेमचा अवघडपणा स्थिर नाही. तुम्ही जितका वेळ न मरता टिकता आणि जितकी शस्त्रं चढवता तितके शत्रू जास्त गोळ्या झाडतात आणि गोळ्यांचा वेग वाढतो. खेळणारे याला रँक म्हणतात. म्हणून पट्टी दिसली की भरायचीच हा स्वभाव सोडा. स्पीड तीन-चार वेळा घेणारे नवखे दुहेरी नुकसान करतात: हातातलं पात्र भिंतींवर आपटतं आणि शत्रूही तापतात. बहुतेक लेव्हलना एक स्पीड पुरतो, वेगाने सरकणाऱ्या भुलभुलैयासाठी दोन. लाइफ गेली की रँकही खाली उतरते, म्हणजे मेल्यानंतरची जागा तुम्हाला वाटते तेवढी निष्ठुर नसते. तिथे घाबरून मागच्या कोपऱ्यात बसू नका. कॅप्सूल आणणारे शत्रू निसटतात ते त्या कोपऱ्यात बसल्यानेच.

पात्र कोणतं घ्यावं? शिकताना ऑक्टोपस. त्याची मिसाइल वर आणि खाली दोन्हीकडे जाते, त्यामुळे छत आणि जमीन एकदम साफ होतात, आणि लेझरच्या जागी मिळणारा रिपल पुढे जाताना रुंदावतो, नेम चुकला तरी लागतो. व्हिक व्हायपर ‘ग्रेडियस’मधल्या शस्त्रांनिशी येतो, त्या घराण्यात वाढलेल्यांनी तो घ्यावा. ट्विनबीकडे मिसाइलच्या जागी सुटणारा ठोसा आहे आणि तीन दिशांना मारा करता येतो, तो मोकळ्या जागांत छान. पेंतारोच्या गोळ्या लागल्यावर फुटतात आणि आजूबाजूलाही इजा करतात. ताकद जबरदस्त, पण हात बसेपर्यंत वाट बघा. एक पात्र धरून किमान पाच लेव्हल पार होईपर्यंत दुसऱ्याकडे वळू नका, कारण सावरण्याची पाठ केलेली वाट पात्रागणिक बदलते.

जपानी यंत्र भारतात वापरत असाल तर दोन-तीन गोष्टी आताच तपासा. जपानमध्ये घरची वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०. सुपर फॅमिकॉमचा मूळ अडॅप्टर थेट आपल्या सॉकेटमध्ये लावला तर जळेल. एकतर उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावा किंवा १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर, पिनच्या मध्यभागी ऋण टोक असलेला अडॅप्टर घ्या. मधलं टोक धन असलेला सर्रास मिळतो, तो चालणार नाही. जपानी यंत्र एनटीएससी या पद्धतीचा टीव्ही सिग्नल देतं. आपल्याकडचे जुने टीव्ही पाल या वेगळ्या पद्धतीचे, त्यांतल्या काहींवर चित्र काळं-पांढरं दिसतं किंवा फिरत राहतं. आताच्या टीव्हींना तो प्रश्न सहसा येत नाही, पण त्यांचा वेगळाच दोष: बटण दाबणं आणि चित्र हलणं यात अंतर पडतं. टीव्हीचा गेम मोड चालू करा. शूटरमध्ये हे अंतर जीवघेणं असतं, आणि कित्येकदा ‘मला जमत नाही’ अशी तक्रार खरं म्हणजे टीव्हीची असते.

युरोपात हा गेम अधिकृतपणे विकला गेला, त्यामुळे ती कॅसेटही बाजारात दिसते. घेऊ नका. युरोपचं यंत्र सेकंदाला ५० वेळा चित्र काढतं, जपानचं ६० वेळा. त्यामुळे गेम आणि संगीत दोन्ही रेंगाळतात. कॅसेट विकत घेताना शंका आली तर उघडून बघायला सांगा. तिचे स्क्रू वेगळ्या तोंडाचे असतात, ३.८ मिलिमीटरचा खास पाना लागतो. आतल्या सर्किटच्या पट्टीवर निन्टेंडोचं नाव छापलेलं असतं. नकली कॅसेटांच्या पट्टीवर बहुधा ते नसतं.

आर्केडची अस्सल रुंदी आणि वेग हवा असेल तर १९९४ मध्ये प्लेस्टेशनसोबतच जपानच्या बाजारात उतरलेला ‘गोकुजो पॅरोडियस दा! डिलक्स पॅक’ बघा. त्यात ‘पॅरोडियस दा!’ आणि त्याचा पुढचा भाग ‘गोकुजो पॅरोडियस’ असे दोन्ही आहेत. २००७ चा पीएसपीवरचा (सोनीचं हातात धरून खेळायचं यंत्र) ‘पॅरोडियस पोर्टेबल’ ही आणखी सोयीची वाट. एमएसएक्सच्या पहिल्या गेमपासून पुढचे भाग एकाच डिस्कवर, आणि पीएसपीचे गेम कोणत्याही देशाच्या यंत्रावर चालतात. जपानी येत नसलं तरी अडत नाही, मेनू दोनदा फिरवला की कळतो.

सुपर फॅमिकॉमवरच पुढे जायचं असेल तर आधी त्यावरचाच ‘गोकुजो’ घ्या. त्यात दोघं एकाच वेळी खेळू शकतात, आणि घरच्या आवृत्तीत गोएमोन, छोटा ड्रॅक्युला आणि उपा ही कोनामीच्या इतर गेममधली, आर्केडमध्ये नसलेली पात्रंही आहेत. त्यानंतर डिसेंबर १९९५ चा ‘जिक्क्यो ओशाबेरी पॅरोडियस’. त्यासाठी कोनामीने कॅसेटमध्येच एसए-१ ही जादा प्रोसेसर चिप घातली, आणि ‘ड्रॅगन बॉल झी’चे निवेदक जोजी यानामी यांच्या आवाजात तुमच्या खेळाचं धावतं समालोचन त्यात सुरू असतं. तुम्ही अडकलात की ते बोलतात, वाचलात की बोलतात. पण तो तिसरा घ्या. ‘पॅरोडियस दा!’च्या पट्टीचा हिशेब हातात बसल्याशिवाय समालोचक नेमकं कशावर बोलतोय ते कळणार नाही.